प्लॅट नदीच्या काठाकाठानं : ओमाहा ते गर्न्सी

शुक्रवार : ओमाहा ते कार्नी

आई-बाबा भारतातून आले की न्यूयॉर्क आणि नायगारा दाखवायची रीत आहे. ते मागच्या खेपेला झालं होतं. या वेळी मेअखेरची जोडून सुट्टी आली, तेव्हा मी गाडी पश्चिमेला काढायचा हट्ट धरला. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, ओमाहात राहायला आल्यापासून मला बैलगाड्यांच्या तांड्यांच्या या जुन्या वाटेचं वेड लागलंय. बाबांचा जन्म सांगोला तालुक्यातला, पंचविशीपर्यंत बैलगाडी हाकलेली. ही वाट त्यांच्यासोबत बघायची, असं मनात होतंच.

१८४० ते १८६९ या काळात चार लाखांच्या आसपास माणसं मिसूरी नदीच्या काठावरून निघून बैलगाड्यांनी पश्चिमेला गेली. कुणी ओरेगनमधल्या जमिनीसाठी गेलं, कुणी १८४८ साली कॅलिफोर्नियात सापडलेल्या सोन्यासाठी. मॉर्मन पंथाचे लोक छळाला कंटाळून सॉल्ट लेकच्या खोऱ्यात गेले. मुक्कामाची ठिकाणं वेगळी, पण नेब्रास्कात सगळ्यांना प्लॅट नदीचाच काठ धरावा लागे. जमीन सपाट, पाणी जवळ आणि बैलांना चरायला गवत. पुढे रेल्वे, मग लिंकन हायवे आणि शेवटी आजचा आय-८० महामार्ग, सगळे याच खोऱ्यातून गेले. आपण ताशी सव्वाशे किलोमीटरनं ज्या जमिनीवरून जातो, तिथं त्यांचा दिवस पंधरा मैलांवर संपायचा.

ओमाहापासून तीनेक तासांवर कार्नी येतं. गावाच्या अलीकडे महामार्गावर आडवी एक इमारत दिसते, आणि रस्ता सरळ तिच्या पोटाखालून जातो. हेच 'द आर्चवे'. सुमारे ९४ मीटर लांबीची कमान, दोन्ही टोकांना लाकडी ओंडक्यांचे बुरूज, वर तांबूस-पिवळसर पत्रा. नेब्रास्काचे माजी गव्हर्नर फ्रँक मॉरिसन यांची ही कल्पना. रस्त्याचा इतिहास रस्त्याच्या डोक्यावरच मांडायचा, हे मला फार आवडलं. १९९९ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत महामार्ग बंद ठेवून ही कमान जागेवर सरकवली आणि २००० साली संग्रहालय उघडलं. सुमारे सहा कोटी डॉलर खर्च आला. बरीच वर्षं जवळ महामार्गावरून उतरायला एक्झिटच नव्हता. खालून रोज हजारो गाड्या जायच्या आणि वर येणारे मोजके. २०१३ साली दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली होती. त्यातूनही ही जागा तगली, याचा मला मनापासून आनंद आहे.

आत गेलं की कानाला लावायला हेडफोन मिळतो आणि सरकता जिना थेट गाड्यांच्या तांड्यात नेऊन सोडतो. अंधार, विजांचा कडकडाट, गव्यांचा, म्हणजे इथल्या बायसनचा, कळप उधळल्याचा आवाज. आईनं माझा हात घट्ट धरला होता. पुढे मॉर्मनांच्या हातगाड्या, पोनी एक्सप्रेस या टपालसेवेचे घोडेस्वार, रेल्वे, लिंकन हायवे असं एकामागून एक उलगडत जातं. एका खिडकीतून खालचा महामार्ग दिसतो आणि रडारवर प्रत्येक गाडीचा वेग आकड्यात उमटतो. तिथं मुलांची गर्दी होती, आणि अभय, माझा नवरा, त्यांच्यात.

बाबा मात्र पहिल्याच गाडीपाशी थांबले ते हलेनात. आपल्या डोळ्यांसमोर असते ती सिनेमातली प्रचंड गाडी. खरी गाडी त्या मानानं लहान. साटा जेमतेम दहा फूट लांब, चार फूट रुंद. वर वाकवलेल्या लाकडी कमानींवर तेल चोपडलेलं जाड कापड. चार चाकं, त्यातली पुढची दोन लहान, म्हणजे वळताना ती साट्याखाली जातात. बाबांनी आरे मोजले, चाकाच्या मधल्या तुंब्यावरून हात फिरवायला गेले आणि पाटी पाहून हात मागे घेतला.

मग ते जुवापाशी वाकले. जाड लाकूड, आणि त्यातून खाली उतरलेल्या इंग्रजी यू अक्षरासारख्या दोन लाकडी कड्या. "ह्या बैलांना वशिंड नसतं गं," बाबा म्हणाले. "आपलं जू वशिंडाला टेकतं, बैल त्याच्यावर जोर काढतो. ह्यांची मान सपाट, जू सरकणारच. म्हणून गळ्याखालनं कडी घातलीय." त्यांनी वेसण शोधली, कासरा शोधला, दोन्ही नव्हतं. इथले गाडीवान गाडीत बसत नसत. डाव्या बाजूनं बैलांच्या बरोबर पायी चालत आणि 'जी' म्हटलं की उजवीकडे, 'हॉ' म्हटलं की डावीकडे, असं नुसत्या हाकेवर नि चाबकाच्या आवाजावर हाकत. इतकंच काय, घरची बाकी माणसंही बहुतेक वाट पायीच चालली. गाडीला स्प्रिंग नसे आणि आत जागाही नसे, कारण सगळी जागा पिठानं अडवलेली. त्या काळच्या एका मार्गदर्शिकेत दर माणशी २०० पौंड पीठ, १५० पौंड खारवलेलं डुकराचं मांस, २० पौंड साखर, १० पौंड कॉफी आणि १० पौंड मीठ घ्यायला सांगितलंय. चार-सहा महिन्यांची बेगमी. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरच्या ओरेगनच्या वाटेवर मधे किल्ले नि व्यापाऱ्यांची ठाणी होती, पण तिथले भाव परवडणारे नव्हते.

आईला मी सरपणाचं सांगितलं. प्लॅटच्या काठी झाडं कमी, त्यामुळे बायका-मुलं दिवसभर चालता चालता गव्यांचं वाळलेलं शेण ओच्यात गोळा करत आणि संध्याकाळी त्यावर भाकरीसारखा पाव भाजत. आई म्हणाली, "म्हणजे शेणीच की. धूर नसेल फारसा." खरंच, पुष्कळ रोजनिशांमध्ये सुरुवातीला किळस आणि आठवड्याभरात कौतुक, असा प्रवास दिसतो.

आणि आता ज्याच्यासाठी मी या जागेला दोन पावलं जास्त मानते, ते सांगते. बाहेर आवारात पॉनी या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या मक्याची लागवड करतात. प्लॅटचं हे खोरं मुळात पॉनींचं. ते शेतकरी होते. मातीनं लिंपलेली मोठी गोल घरं बांधून राहत, मका, घेवडा, भोपळा लावत आणि वर्षातून दोनदा गव्यांच्या शिकारीला जात. तांडे सुरू झाल्यावर सरपण गेलं, गवत गेलं, गवे पांगले. १८४९ च्या पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत हजाराहून जास्त पॉनी दगावले. १८७० च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवलं. जाताना त्यांनी बियाणं नेलं, पण तिकडच्या मातीत आणि उन्हात ते नीट येईना. १९०० च्या सुमारास माणसं जेमतेम सहाशे-सातशे उरली होती आणि मका बरण्यांमध्ये जपून ठेवलेल्या दाण्यांपुरता.

२००३ च्या सुमारास या कमानीत शिक्षण विभाग सांभाळणाऱ्या बाईंनी पॉनी राष्ट्राकडे विचारणा केली की, तुमचा मका इथं लावायला द्याल का? ज्यांच्या जमिनीवरून वाट गेली, त्यांनी उरलेल्या मोजक्या दाण्यांतले काही कार्नीला पाठवले. केवढा विश्वास! आपल्या घरात शेवटचं मूठभर बी असेल तर आपण कुणाच्या हाती देऊ? आणि दाण्यांनी आपली माती ओळखली. जे ओक्लाहोमात अडखळत होतं, ते इथं तरारून आलं. आता नेब्रास्कातले शेतकरी आणि बागवान पॉनींसाठी हे वाण लावतात आणि पीक त्यांच्याकडे जातं. त्यातल्या एका पांढऱ्या मक्याच्या दाण्यावर पंख पसरलेल्या गरुडासारखा जांभळट ठसा असतो.

आम्ही गेलो तेव्हा कोंब नुकते वर आलेले, बोटभर. बाबा उकिडवे बसले आणि मातीचा एक खडा चुरगळून बघितला. "पोयट्याची आहे," एवढंच बोलले. आतल्या विजा नि गडगडाटापेक्षा मला हा वाफा जास्त महत्त्वाचा वाटतो. शाळेच्या सहली येतात, त्यांनी आधी इथं यावं आणि मग सरकत्या जिन्यावर चढावं.

शनिवार : कार्नी ते ॲश हॉलो

सकाळी नदीपलीकडच्या फोर्ट कार्नीला गेलो. वाटेवरच्या लोकांच्या संरक्षणासाठी १८४८ साली लष्करानं बांधलेलं हे ठाणं. तटबंदीचा काही भाग आणि लोहारसाळ नव्यानं उभारलेली आहे, बाकी कवायतीच्या मैदानाभोवती मोठमोठी कॉटनवुडची झाडं. मिसूरीहून निघालेले लोक मेअखेरीला इथं पोचत, म्हणजे आम्ही गेलो त्याच दिवसांत. पत्रं टाकायची, जनावरं नि गाड्या तपासायच्या, आणि जड वाटेल ते इथंच सोडून द्यायचं.

त्यांनी निघायचं कधी, हे पंचांगावर ठरत नसे. गवतावर ठरे. लवकर निघालं तर बैलांना चारा नाही, उशीर झाला तर पश्चिमेच्या डोंगरात बर्फ गाठणार. त्यामुळे सगळे एकाच वेळी निघत, आणि मागून येणाऱ्याच्या वाट्याला पुढच्यांच्या बैलांनी खाल्लेली जमीन येई. १८५० च्या एका हंगामात सुमारे ५० हजार माणसं याच काठानं गेली. प्रत्येक गाडीला चार-सहा बैल, शिवाय दुभती जनावरं, घोडे, खेचरं. नकाशातली रेघ आपल्याला बारीक दिसते. खरी वाट कित्येक ठिकाणी मैलभर रुंद होती, कारण धूळ आणि चारा या दोन्हींसाठी गाड्या पांगत. त्या पट्ट्यात गव्यांना खायला काही राहिलं नाही, आणि गव्यांवर जगणाऱ्या माणसांनाही. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासाची किल्ली गवतात आहे.

जवळच जुन्या रेल्वेपुलाचा पायी जायचा पूल केलाय. त्यावर उभं राहून प्लॅट पाहिली. उथळ, गढूळ, वाळूच्या बेटांमधून फुटत जाणारी. पिण्याइतकी पातळ नाही आणि नांगरण्याइतकी घट्ट नाही, असं हिच्याबद्दल इथं म्हणतात. तेव्हा ती पुष्कळ रुंद होती. आता वरची धरणं आणि कालवे बरंचसं पाणी घेतात. मार्चमध्ये सँडहिल जातीचे लाखो क्रौंच इथं उतरतात, तेव्हा याच पुलावर उभं राहायला जागा मिळत नाही.

पुढचा पल्ला लांबचा. कोझाडपाशी शंभरावा रेखांश ओलांडला. याच्या पश्चिमेला पाऊस कमी होत जातो आणि ते डोळ्यांना कळतं. मक्याची शेतं विरळ होतात, गवताळ टेकड्या सुरू होतात. हवेतलं पाणी गेलं की लाकूड आकसतं. तांड्यांची चाकं इथून पुढे खिळखिळी व्हायची, चाकांभोवतीची लोखंडी धाव सैल होऊन निसटायची. मग रात्री चाकं काढून नदीत बुडवून ठेवत, नाहीतर धावेखाली लाकडी पाचरी ठोकत. बाबांना हे सांगायची गरज पडली नाही. माणगंगेला पाणी असायचं तेव्हा उन्हाळ्यात त्यांच्या गावचे लोक तेच करत.

ओगालालाच्या अलीकडेच घड्याळ एक तास मागे गेलं. दुपारी ॲश हॉलोत विंडलास हिलच्या पायथ्याशी चपाती आणि सोलापुरी शेंगाचटणी खाल्ली, नि वर चढलो. पायवाट बांधलेली आहे, तरी दम लागतो. दक्षिण प्लॅट ओलांडून माळ तुडवत आलेल्या गाड्यांपुढे इथं अचानक जमीन संपायची. सुमारे तीनशे फुटांचा उतार, अंगावर येणारा. मागची चाकं साखळदंडानं जखडायची, गाडीला मागून दोर बांधायचे आणि माणसांनी ते धरून पाय रोवत खाली यायचं. त्या खुणा आजही आहेत. पावसानं त्या धुऊन धुऊन आता खोल घळी झाल्यात. उतारावर उभं राहून मी खाली पाहिलं आणि ज्यांनी भरली गाडी इथून उतरवली त्यांच्या हातांचा विचार करत राहिले.

खाली मात्र गोड पाण्याचे झरे नि सावली. प्लॅटच्या गढूळ पाण्यानंतर इथल्या झऱ्यांचं कौतुक पानापानावर आढळतं. आणि इथंच स्मशानभूमीत रेचल पॅटिसनची कबर आहे. वय १८, नुकतं लग्न झालेलं, १९ जून १८४९ ला पटकीनं गेली. नवऱ्यानं खुणेला लावलेला दगड टिकून राहिलाय.

पटकीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. सिनेमांनी आपल्या मनावर ठसवलंय की या वाटेवर माणसं मेली ती इंडियनांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, बाणांनी. अभ्यासकांच्या मोजणीनुसार १८४० ते १८६० या वीस वर्षांत असे मृत्यू चारशेच्या आत भरतात, आणि प्रवाशांनी मारलेल्या इंडियनांची संख्या त्याहून जास्त आहे. गाड्या रात्री गोल लावत, तेही मुख्यतः जनावरं पांगू नयेत म्हणून. वाटेवर वीस हजारांच्या घरात माणसं गेली असावीत असा अंदाज आहे. त्यात सगळ्यांत मोठा वाटा रोगांचा, आणि रोगांत पटकीचा. अपघातही फार. मुलं चाकाखाली यायची, नदी ओलांडताना माणसं बुडायची, स्वतःचीच बंदूक उडायची.

ही पटकी आपल्याकडूनच जगभर गेलेली. १८१७ मध्ये बंगालात भडकलेली साथ व्यापारी आणि सैन्याच्या वाटांनी पसरली, तिच्या पुढच्या लाटांपैकी एक १८३२ साली अमेरिकेत पोचली. १८४८ अखेरीस ती न्यू ऑर्लिन्स आणि न्यूयॉर्क बंदरांत पुन्हा उतरली, आगबोटींनी मिसिसिपी-मिसूरी चढून वर आली आणि ऐन सोन्याच्या गर्दीत तांड्यांबरोबर चालू लागली. प्लॅटच्या काठी हातभर खड्डा खणला की पाणी लागायचं. शेजारीच आदल्या तांड्यानं घाण केलेली. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्री पुरलेला असे. पाण्यातून ही पसरते हे लंडनच्या जॉन स्नोनं १८५४ मध्ये दाखवेपर्यंत वाटेवरचे निम्मे हंगाम संपले होते.

आई रेचलच्या कबरीपाशी बराच वेळ उभी होती. तिच्या आजीचे आई-वडील दोघंही पंढरपूरच्या यात्रेहून परतताना पटकीनं गेले. तिच्या लहानपणी वारीला निघणाऱ्यांना टोचून घ्यावं लागे, ते तिला आठवतं. तिनं तिथली चार पिवळी रानफुलं वेचून दगडापाशी ठेवली.

निघताना हमरस्त्यावर ब्लू वॉटरच्या लढाईची पाटी लागली. ३ सप्टेंबर १८५५ ला जनरल हार्नीच्या सैन्यानं इथं लिटल थंडर या प्रमुखाच्या ब्रुले लाकोटा जमातीच्या वस्तीवर हल्ला केला. ८६ माणसं मारली, त्यांत बायका-मुलं होती. याचं कारण वर्षभर आधी पश्चिमेला फोर्ट लॅरमी या ठाण्यापाशी घडलं होतं.

रविवार : चिमणी रॉक आणि स्कॉट्स ब्लफ

आजचा दिवस खडकांचा. ब्रिजपोर्टजवळ कोर्टहाउस आणि जेल रॉक, मग चिमणी रॉक. सपाट माळावर शंकूसारखा पायथा आणि त्यातून धुराड्यासारखा वर गेलेला सुळका, एकूण उंची शंभर मीटरच्या आसपास. चिकणमाती, ज्वालामुखीची राख आणि वाळूचा खडक यांच्या थरांचा आहे, त्यामुळे झिजतोच आहे. रोजनिशांमध्ये सगळ्यांत जास्त वेळा याचंच नाव येतं. दोन-दोन दिवस आधीपासून दिसायचा आणि चालूनही जवळ येत नाही असं वाटायचं. २००६ साली निघालेल्या नेब्रास्काच्या पाव डॉलरच्या नाण्यावर हाच सुळका आणि पुढे बैलगाडी आहे. आत छोटं, नेटकं संग्रहालय आहे. बाहेर खुळखुळ्या सापांपासून सावध राहायची पाटी. आम्ही तासाभरात निघालो.

स्कॉट्सब्लफ गावाच्या कडेला रेल्वेरुळांपाशी रिबेका विंटर्सची कबर आहे. मला इथं यायचंच होतं. रिबेका मॉर्मन, वय ५०. नवऱ्याबरोबर आणि मुलांबरोबर सॉल्ट लेककडे निघालेली. १५ ऑगस्ट १८५२ ला पटकीनं गेली. या वाटेवरच्या बहुतेक कबरी मुद्दामच बेपत्ता केलेल्या. लांडग्यांनी उकरू नये म्हणून वरून गाड्या फिरवून जमीन सारखी करत. रिबेकाच्या माणसांनी तसं केलं नाही. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव वाकवून, तिच्यावर छिन्नीनं नाव आणि वय कोरून ती कबरीवर पुरली. लाकूड कुजलं असतं, वाळूचा खडक झिजला असता. धाव टिकली. जवळपास पन्नास वर्षांनी रेल्वेसाठी मोजणी करणाऱ्यांना ती दिसली आणि त्यांनी लोहमार्ग थोडा बाजूला घेतला. १९९५ मध्ये रुळांचा धोका नको म्हणून कबर काही अंतरावर सन्मानानं हलवली.

ती धाव आता जाळीआड आहे. काळपट, अर्धगोल, अक्षरं ओबडधोबड. छिन्नी लोखंडावर घसरलेली जागा दिसते. कोरणाऱ्यानं तिथून पुन्हा सुरुवात केलेली. बाबा म्हणाले, "चाकाची धाव काढून दिली म्हणजे ते चाक निकामी केलं त्यांनी." जादा धाव कुणाच्या गाडीत असेल किंवा एखादी मोडकी गाडी सोडून दिलेली असेल. पण एवढ्या मोलाचं लोखंड त्यांनी तिच्यासाठी वापरलं, हे तिथं उभं राहिल्यावर मनात उतरतं.

दुपारी स्कॉट्स ब्लफ. १९१९ पासून राष्ट्रीय स्मारक. खोऱ्यापासून आठशे फूट उठलेला कडा, आणि त्याच्या पोटातून जाणारी मिचेल खिंड. खिंडीत जुन्या वाटेवर लाकडी जू घातलेल्या बैलांच्या प्रतिकृती आणि गाड्या मांडल्यात. विल्यम हेन्री जॅक्सन १८६६ मध्ये एका मालवाहू तांड्याबरोबर बैल हाकत इथून गेला आणि पुढे नावाजलेला छायाचित्रकार, चित्रकार झाला. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह या संग्रहालयात आहे. नदी ओलांडणाऱ्या गाड्यांच्या चित्रात पाण्यात मानेपर्यंत बुडालेले बैल आहेत, त्यांचे डोळे त्यानं असे काढलेत की ज्यानं ते जवळून पाहिलेत त्यालाच जमावं. वर गाडीरस्ता जातो, तीन बोगद्यांतून. माथ्यावरून पूर्वेला चिमणी रॉक बोटाएवढा दिसतो.

सोमवार : फोर्ट लॅरमी ते गर्न्सी

वायोमिंगमध्ये शिरलो. लॅरमी नदी प्लॅटला मिळते तिथं १८३४ मध्ये कातड्याच्या व्यापाऱ्यांनी ठाणं घातलं, ते लष्करानं १८४९ मध्ये विकत घेतलं. फोर्ट म्हटलं की आपण बुरूज नि खंदक शोधतो. इथं मोकळं मैदान आणि भोवती घरं. 'ओल्ड बेडलम' हे १८४९ चं अधिकाऱ्यांचं पांढरं दुमजली घर अजून ताठ उभं आहे. गणवेशातल्या रेंजर बाई फार आस्थेनं बोलत होत्या.

१८५१ च्या सप्टेंबरमध्ये लाकोटा, शायेन, अरापाहो, क्रो, शोशोनी अशा कितीतरी राष्ट्रांची सुमारे दहा हजार माणसं इथं तहासाठी जमली. एवढ्या घोड्यांना किल्ल्याजवळ गवत पुरेना. मग सगळा मेळावा तीसेक मैल खाली हॉर्स क्रीकपाशी हलवावा लागला. ज्या वाटेनं गवत संपवलं, तिच्याबद्दलचा तह गवत नाही म्हणून दुसरीकडे झाला. वाट आणि किल्ले यांना परवानगी, नुकसानभरपाई म्हणून वर्षाला ५० हजार डॉलरचं सामान, ५० वर्षं. सिनेटनं त्या पन्नासाची दहा वर्षं केली.

आणि १८५४ च्या ऑगस्टमध्ये एका मॉर्मन प्रवाशाची गाय मागे राहून लाकोटांच्या छावणीत शिरली. तिथं एकानं ती मारून खाल्ली. ब्रुलेंचे प्रमुख काँकरिंग बेअर यांनी बदल्यात जनावर देऊ केलं. तरी लेफ्टनंट ग्रॅटन २९ सैनिक, एक दुभाषी आणि तोफा घेऊन माणूस पकडायला गेला. गोळीबार झाला, काँकरिंग बेअर जखमी होऊन नंतर वारले, ग्रॅटन आणि त्याची तुकडी मारली गेली. शनिवारी पाटी पाहिली तो ब्लू वॉटरचा हल्ला या घटनेचा सूड होता. बाबा रेंजर बाईंना माझ्यामार्फत म्हणाले, "शेतात गुरू शिरलं तर आमच्याकडं कोंडवाड्यात घालतात, दंड भरून सोडवतात. ह्यांच्या प्रमुखानं तर दंड आधीच कबूल केला होता." बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या की त्या हा प्रसंग प्रत्येक गटाला सांगतात, वेळ कमी असला तर दुसरं काहीतरी गाळतात. मला त्यांचा फार आदर वाटला.

गर्न्सीच्या चाकोऱ्या हा आमचा शेवटचा टप्पा. नदीकाठी जागा अरुंद, त्यामुळे सगळ्या गाड्यांना इथं एकाच खडकावरून जावं लागलं. वाळूचा मऊ खडक चाकांनी, खुरांनी, बुटांनी कापला गेला, काही जागी पाच फूट खोल. मी आत उतरले तर कडा माझ्या खांद्याला लागत होती. भिंतीवर साधारण तुंब्याच्या उंचीला घासल्याची पन्हाळ आहे. बाबांनी त्या पन्हाळीत तळवा ठेवला आणि चालत शेवटपर्यंत गेले. इथं पाटी नव्हती, अडवणारं कुणी नव्हतं.

तिथून तीनेक किलोमीटरवर रजिस्टर क्लिफ. लॅरमीनंतरच्या पहिल्या मुक्कामाची जागा. कड्यावर शेकडो नावं, गावं, तारखा. १८५० च्या आसपासची अक्षरं ओळखू येतात, वळणदार आणि खोल. जुन्या नावांभोवती कुंपण घातलंय, तरी अलीकडच्या नावांनी कित्येक जुनी खाऊन टाकलीत, ते पाहून जीव तुटतो. वर कपारीत पाकोळ्यांची मातीची घरटी आणि त्यांची अखंड ये-जा.

मुक्कामाला शायेन शहर गाठलं. उद्या आय-८० नं थेट ओमाहा. जेवताना बाबांनी नकाशा मागून घेतला. कॅस्परचं मोठं संग्रहालय, तिथून पुढे इंडिपेंडन्स रॉक. पाखरं उडतात तसं अंतर त्यांनी बोटानं मोजलं. चार जुलैपर्यंत त्या खडकापाशी पोचलं तरच बर्फाच्या आधी डोंगर पार होतील, असा तांड्यांचा हिशोब होता. बाबांचं परतीचं तिकीट चौदा जुलैचं आहे. अभयनं त्याच रात्री कॅस्परला खोली धरली.